भिंतीवरच्या मामी

"हात लावू नका, रंग वला हाय." हे बोलताना मामा उजवा पंजा असा आडवा धरायचे, जणू समोरून वासरूच धावत येतंय.

मी चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. बाहेरदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांवर नाव, नंबर आणि बाण उमटवायला मामा मोशीहून यायचे; कंपनीत सगळेच त्यांना मामा म्हणत. जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरं कापायची, ती खोक्यावर धरायची आणि वरून रंग फवारायचा. शून्य कापताना मधला तुकडा गळून पडू नये म्हणून ते दोन बारीक पट्ट्या ठेवत. वर तोंड केलेला बाण मारून झाला की म्हणायचे, "बाण वाचत्यात सगळी, साहेब. ठेवत्यात उलटंच."

मग एकदा चार दिवस ते आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले ते हातात बायकोचा फोटो घेऊन. मामींना वर्षभरापासून विसरायला होत होतं. दुपारी कोथिंबीर आणते म्हणून त्या बाहेर पडल्या आणि परतल्या नाहीत. पोलिसांत तक्रार झाली होती. मामांनी भिंतींवर तिच्या फोटोचे कागदही चिकटवले होते, पण दुसऱ्या दिवशी त्यांवर नव्या फ्लॅटच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती चढल्या.

"रंग तसा झाकत न्हाई कुनी," मामा म्हणाले. "पन फोटू कसा कापू? माझ्या हातनं तिचं तोंड बिघडलं तर?"

तेव्हा क्यूआर कोडची कल्पना मीच काढली. फोन धरला की मामींचा फोटो, वर्णन आणि मामांचा नंबर दिसेल. फुकट कोड बनवून देणाऱ्या एका वेबसाइटवर मी तो दहा मिनिटांत बनवला. मामांना कापायला तीन दिवस लागले. कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनांत आणखी चौकोन असतात, ते गळून पडायचे. दोन फिल्म वाया गेल्या. तिसरीतून उमटलेल्या कोडवर मी फोन धरला आणि पडद्यावर मामी आल्या. नाकात नथ, कॅमेऱ्यावर जरा रागावलेल्या. मामांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

कोडखाली 'हरवल्या आहेत' असं लिहून मामा मोशी, दिघी, भोसरीत तो भिंतींवर छापत गेले. विचारल्याशिवाय त्यांनी एकही भिंत घेतली नाही. "भिंत दुसऱ्याची हाय," म्हणायचे. नाही म्हणणारेही भेटले. मामा त्यांनाही नमस्कार करून पुढं जात.

महिन्याभरानं दिघीच्या बसस्टॉपवर मी सहज त्या कोडवर फोन धरला. मामी आल्या नाहीत. फुकटची मुदत संपली असून दुवा बंद आहे, असं इंग्रजीत आलं. ही अट मी वाचलीच नव्हती.

मामांना सांगितलं, तेव्हा ते आधी स्वतःची बोटं पाहू लागले. "कापन्यात चुकलं का काय माझं?"

"नाही मामा. माझं चुकलं."

"कवापास्नं बंद हाय?"

"माहीत नाही."

ते खोक्यावर टेकले. "म्हंजी कुनी तिला बघून फोन धरला बी आसंल. काय दिसलं न्हाई म्हनून गेलं बी आसंल."

 

ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी बंद न पडणारं पान केलं, त्यांनी नवा कोड कापला आणि सुटीच्या दिवशी माझ्या गाडीवरून आम्ही एकेक भिंत पांढरी करून पुन्हा छापली.

मग एक फोन आला. चाकणजवळ एका हॉटेलाबाहेर तशी बाई बसलीय. मी मामांना गाडीवर घेऊन तिथं गेलो. बाई त्याच वयाची होती, पण मामी नव्हती. मामा तिच्याशेजारी खाली बसले, तिला पाणी पाजलं, नाव विचारलं. तिला फक्त माहेरचं गाव सांगता येत होतं.

"हिचा बी फोटू काढा, साहेब," मामा म्हणाले. "हिचं बी कुनी शोधत आसंल."

पोलिसांनी तिला आश्रमात ठेवलं. त्यांना विचारून मी तिचं पान केलं, मामांनी तिचा कोड कापला. आठ दिवसांत तिचा भाचा आला. तो मामांच्या पाया पडायला वाकला, तर मामा मागे सरले आणि एवढंच म्हणाले, "दाराची कडी आता वरच्या अंगाला बसवा. तिचा हात पोचतो तिथं ठिवू नका."

मामी सापडल्या नाहीत. आता आमच्या खोक्यांवर छापील स्टिकर लागतात, त्यामुळे मामांचं येणं थांबलं. मी फोन करतो. "व्हय, बरं हाय," म्हणतात आणि ठेवून देतात.

परवा कंपनीची बस मोशीत गर्दीत अडकली. खिडकीतून मामा दिसले. भिंतीसमोर उभे राहून त्यांनी कोडवर फोन धरला. पडद्यावर मामी आल्या असणार, जरा रागावलेल्या, हे मला माहीत होतं. त्यांनी पाहिलं, बाहीनं फोनची काच पुसली, पुन्हा पाहिलं. मी हाक मारायला खिडकी सरकवायला गेलो, ती सरकेना. तेवढ्यात मामा पुढच्या भिंतीकडे चालू लागले.