डॉलरवरचं कुंकू

न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये आमच्या शेजारी राहणारा मोरेश्वर तसा साधा माणूस. ट्रेनने वेलिंग्टनला जायचं, कंप्युटरपुढे बसायचं, घरी यायचं. पण जुन्या अमेरिकन चांदीच्या डॉलरचा विषय निघाला की त्याला जेवणाचीही शुद्ध राहत नसे. नाणं कडेलाच धरायचं, घासायचं नाही, पुसायचं तर मुळीच नाही, हे प्रवचन आम्हा सगळ्यांना पाठ.

२०१९च्या दिवाळीत त्याच्या सासूबाई, सुलेखाकाकू, पुण्याहून आल्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी इथली लेबर डेची सुट्टी आणि त्याच दिवशी नाण्यांच्या क्लबचं प्रदर्शन. मोरेश्वरला पहिल्यांदाच टेबल मिळालेलं. त्यावरचं मानाचं नाणं म्हणजे १८८१चा डॉलर, कडेने निळसर-जांभळा रंग चढलेला.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी काकू चिंच भिजवून बसल्या. "जावईबापू, केवढी काळी पडलीय हो चांदी! आत्ता लख्ख करते."

"आई, नको!" मोरेश्वर किंचाळलाच. "तो रंग बघायलाच तर लोक येतात!"

"बरं बाबा, नाही घासत."

संध्याकाळी मी आरतीला गेले, तर चौरंगावर तांदळाच्या राशीत तो डॉलर आणि त्यावरच्या बाईच्या कपाळाला ओलं, ठसठशीत कुंकू.

मोरेश्वर पांढराफटक. "आई, हे काय?"

"लक्ष्मी. केसांत गव्हाच्या ओंब्या, कापसाची बोंडं. दुसरं कोण असणार?"

होतं खरं तसं. त्याने घाईघाईने नॅपकिन उचलला.

"हां! बाईमाणसाचं कुंकू पुसतात का?" काकू कडाडल्या.

त्याची बायको मृदुला म्हणाली, "आणि नाणं पुसायचं नाही, हे कोण सांगत असतं रे?"

नॅपकिन खाली. मी डोळे मिटून देवीला हात जोडले. हसू लपवायलाही तेवढं बरं पडलं.

सकाळी अक्षता टाकून पूजा हलवली आणि मोरेश्वर नाणं घेऊन निघाला. मृदुला आणि मी मागे. क्लबचे म्हातारे अध्यक्ष ग्रॅहम भिंग घेऊन वाकले ते वर बघेनातच.

"हे लाल काय?"

"सासूबाई," मोरेश्वर पुटपुटला. "पुसू का?"

"डोन्ट यू डेअर, मेट!" म्हणत त्यांनी ते नाणं टेबलाच्या मधोमध सरकवलं आणि बाकीच्यांना हाक मारली. थोड्या वेळाने बघते तो मोरेश्वर गर्दीला ओंब्या आणि बोंडं दाखवतोय, जणू त्यानेच शोधून काढली!

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"शहाणा दिसतो हो तो म्हातारा," त्या म्हणाल्या. "चार करंज्या तरी न्यायच्या होत्यात त्याला!"