विलायतेला पोरं पोचवणारी रखमा

वरळीच्या कोळीवाड्यातली रखमा बावीस वर्षांची असताना तिचा नवरा दत्तू होडीसकट बुडून गेला. पोरबाळ नव्हतं. ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गिरगावापर्यंत यायची. तिथं पाद्री हॅलम साहेबांचा बंगला तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक. एका सकाळी ती मागच्या दारी पाटी उतरवत होती आणि आत तान्ही मुलगी रडून रडून बेजार झाली होती. रखमानं हात धुतले, कुणाला न विचारता आत जाऊन पोरीला खांद्यावर टाकलं. पोर गप्प झाली. मडमनं त्याच आठवड्यात तिला आया म्हणून ठेवून घेतलं. ती मुलगी म्हणजे एलिस.

पुढं रॉबी झाला, त्याच्यानंतर एक मुलगी झाली. ती तापानं गेली आणि शिवडीच्या कबरस्तानात तिला ठेवलं. त्या दिवशी मडमचा हात रखमाच्या हातात होता.

बंगल्यातला दिवस प्रार्थनेनं उगवायचा. साहेब पुस्तक उघडून वाचायचे, मडम आणि मुलं बसायची, आचारी आणि रखमा भिंतीला टेकून उभी राहायची. रविवारी मुलांना इस्तरीचे कपडे चढवून रखमा त्यांना देवळात न्यायची. गिरगावातली माणसं चर्चला देऊळच म्हणत. मडम बाजाची पेटी वाजवायला बसली की मुलं सांभाळायला रखमाच. साहेबांचं मराठी पंडिताकडून शिकलेलं, भारदस्त. त्यातलं निम्मं रखमाला कळायचं नाही. मुलांचं मराठी मात्र थेट वरळीचं. एकदा मोठे गोरे पाहुणे जेवायला असताना एलिस म्हणाली, "मना भूक लागलीय गो!" पाहुण्यांना काही कळलं नाही, साहेब मात्र पोट धरून हसले.

एलिस नऊ वर्षांची झाली आणि घरात तो विषय निघालाच. पाद्री लोकांची मुलं त्या वयात शिकायला विलायतेला आजीकडं जात. इथली हवा मुलांना सोसत नाही, असं सगळेच म्हणत, आणि शिवडीच्या त्या लहान कबरीपुढं मडमला वाद घालता येत नव्हता. साल १८९४. मडम नुकतीच बाळंत झाली होती, डॉक्टरांनी बोटीचा प्रवास मना केला. साहेबांना चर्चची मंडळी आणि मिशनची शाळा सोडून दोन वर्षं तरी हलता येत नव्हतं.

मडमनं रखमाला खोलीत बोलावलं. "रखमा, मी तुला हुकूम करत नाही. विचारते. तू नेशील माझी मुलं?"

"नेईन," रखमा म्हणाली. "पर परतीचं तिकीट माझ्या हातात द्या, मगच बोटीवर पाय ठेवीन. भायखळ्याच्या एका आयेला तिकडंच सोडून दिली होती."

"तिकीट तुझ्याच हातात राहील," मडम म्हणाली.

कोळीवाड्यात तिचा दीर महादेव भडकला. "साता समुद्रापार जाऊन त्यांच्या ताटात जेवशील, बाटून येशील!"

"भाऊजी," रखमा म्हणाली, "समुद्राला आपण कवापासून घाबरायला लागलो? तांदूळ, सुका जवळा, तवा सगळं बरोबर नेते. माझी चूल मी पेटवीन."

फेब्रुवारीत अपोलो बंदरावर मडमनं दोन्ही मुलांना घट्ट धरलं. मग तिनं स्वतःच एकेका मुलाचा हात रखमाच्या हातात दिला आणि मागं वळून न बघता गाडीत जाऊन बसली.

रॉबी एडनपर्यंत रडला. पुढं एके ठिकाणी समुद्र असा खवळला की बोटीवरच्या गोऱ्या बायका तीन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. रखमा मात्र मांडी घालून बसली, एका हातानं रॉबीला धरलं, दुसऱ्या हातानं एलिसचं डोकं. शेजारच्या खोलीतली दोन पोरंही तिच्याकडंच आली. बोटीचा कप्तान खाली बघायला आला तर ही कोळ्यांची गाणी म्हणत होती.

आजीचं गाव लहान होतं, थंडी हाडं फोडणारी. रखमानं लुगड्यावरून आजीचा जाड कोट चढवला, पण कासोटा सोडला नाही.

आठवड्याभरात देवळाच्या दालनात सभा भरली. परदेशी मिशनला मदत करणारी मंडळी जमली होती. रखमाला पुढं खुर्ची दिली. त्या मिशनचे चिटणीस साहेब तिच्याकडं बोट दाखवून बोलत होते, बायका डोळे पुसत होत्या.

"काय बोलतो गो हा?" तिनं एलिसला विचारलं.

एलिस अडखळत म्हणाली, "म्हणतात, तू तुझे देव टाकलेस. माझ्या बाबांनी तुला किरिस्ताव केली."

रखमा उठून उभी राहिली.

"एलिस, मी बोलते ते तसंच सांग. जास्ती नको, कमी नको." मग ती सावकाश बोलली. "मी वरळीची कोळीण. माझे देव वरळीत हायेत, मी ते टाकले नाय. हिच्या बापानं कधी टाक म्हटलं नाय. नऊ वर्सं दर रविवारी मी त्यांच्या देवळात बसले, चांगलं ऐकलं. तुम्ही रडता ते माझ्यासाठी नका रडू. आईनं दोन पोरं माझ्या हातात दिली, ती मी धड आणली. एवढंच माझं काम, आणि ते मी केलंय."

एलिसनं ते इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. चिटणीस साहेब लाल झाले. तेवढ्यात आजी, काठी टेकत, पुढं आली. तिनं सगळ्यांदेखत रखमाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि तिला आपल्या शेजारी, पहिल्या बाकावर नेऊन बसवलं.

परत येताना एका फौजी साहेबाच्या बायकोची मुलं रखमानं सांभाळली. ती गिरगावात पोचायच्या आधीच चिटणीसांचं तक्रारीचं पत्र पोचलं होतं. साहेबांनी ते मडमला वाचून दाखवलं. रविवारी ते प्रवचनाच्या मध्येच थांबले आणि पहिल्यांदाच साध्या, बोली मराठीत म्हणाले, "खोटं बोलली असती तर सगळे खूष झाले असते. आमच्या घरची बाई खरं बोलली. मला तिचा अभिमान आहे." सगळ्या माना वळल्या. रखमा तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान खाली घातली नाही.

मडमनं तिला रोज नवं काहीतरी विचारलं. रॉबी कुठल्या कुशीवर झोपतो, एलिसच्या खोलीला खिडकी आहे का, आजी रागावते का. रखमा न कंटाळता सांगत राहिली. रडण्याचंही सांगितलं, लपवलं नाही.

पुढच्या पाच वर्षांत तिनं आणखी तीन घरांची मुलं विलायतेला पोचवली. मुंबईतल्या पाद्र्यांच्या बायका एकमेकींना तिचं नाव सांगत. एलिसची पत्रं यायची, वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत, आणि शाळेचे माधव मास्तर ती वाचून दाखवायचे. वरळीत बायका तिला विलायतवाली म्हणायच्या. तिला ते आवडायचं आणि ती तसं मोकळेपणानं सांगायचीही.