हार्ड लँडिंग, मुक्काम कुडपण

टाळ्या अजून चालू होत्या आणि कॅप्टन रेणुकांनी इंजिन बंद केलं. मी माळाच्या कडेला उभा होतो. मला ते लक्षण बरं वाटलं नाही. इंजिन चालूच ठेवायचं ठरलं होतं. मी नवरदेवाला आणि त्याच्या आईवडिलांना वाकवून आत बसवायचं, पट्टे बांधायचे आणि हेलिकॉप्टरने थेट महाड गाठायचं. लग्न महाडच्या हॉलमध्ये, मुहूर्त दुपारचा. कुडपणहून डोंगर उतरून गाडीने जायचं तर हाडं खिळखिळी होतात. वरून गेलं की हातातला चहा गरम असताना महाड.

पंखा थांबला. कॅप्टन उतरल्या, माझ्याकडे आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "विलास सर, लँडिंग हार्ड झालंय. टेकताना वारा पडला आणि मशीन दणकन बसली. तपासणी लागेल."

"कोणाला कळलं पण नाही, मॅडम. लोक टाळ्या वाजवतायत."

"मला कळलं ना."

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. कारण हे बुकिंग मी आणलं होतं. मी दासगावचा, नोकरी मुंबईत एका हेलिकॉप्टर कंपनीत, मेंटेनन्स इंजिनिअरची. कुडपण हे माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं सासर. तिचे थोरले दीर पांडुरंग अण्णा यांचा मुंबईत टेम्पोचा धंदा. मुलाचं लग्न ठरल्यावर त्यांनी मला फोन केला होता, "विलास, पोराला हेलिकॉप्टरनं न्यायचा हाय. तुझ्या कंपनीत बघ." बहिणीच्या सासरचं काम, नाही कसं म्हणणार? परवानग्या आणल्या, आदल्या दिवशी येऊन माळावर चुन्याने गोल आखला, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारून घेतलं. आणि आता हे.

तपासणी म्हणजे काय ते सांगतो. आमच्या हेलिकॉप्टरला चाकं नाहीत. खाली दोन लांब पाइप असतात, ते स्किड. स्किड आणि हेलिकॉप्टरचं पोट यांना जोडणाऱ्या दोन कमानदार नळ्या असतात, त्या क्रॉस ट्यूब. उतरताना बसणारा दणका या नळ्या खातात. जराशा फाकतात आणि परत जागेवर येतात. दणका जास्त झाला तर त्या फाकलेल्याच राहतात, किंवा क्लॅम्पने जिथे आवळलेल्या असतात तिथे तडा जातो. तो वरून दिसत नाही. पुढच्या एखाद्या लँडिंगला नळी मोडते, मशीन एका अंगावर कलते आणि फिरता पंखा जमिनीला लागतो. त्यानंतर काय होतं ते लग्नाच्या गोष्टीत सांगण्यासारखं नाही. म्हणून नियम आहे की हार्ड लँडिंग झालं की मॅन्युअलप्रमाणे तपासणी आणि इंजिनिअरची सही झाल्याशिवाय मशीन जमीन सोडणार नाही. यात वशिला चालत नाही.

मी टेप काढली, टॉर्च आणि आरसा घेतला आणि लग्नाच्या नव्या शर्टातच मशीनखाली आडवा झालो. स्किडमधलं अंतर मोजलं. मर्यादेत होतं, पण काठावर. शेपटीचा भाग, पंख्याची मुळं, गिअरबॉक्सचे आधार, सगळं ठीक. राहिले क्लॅम्प. ते उघडायचे तर मशीनचं वजन नळ्यांवरून उचलायला हवं, त्याला जॅक हवेत. जॅक मुंबईच्या हँगरमध्ये.

बाहेर आलो तर अण्णा फेटा बांधून समोर उभे.

"काय रे विलास, खाली काय शोधतोस? चला ना, मुहूर्त काय तुमच्यासाठी थांबनार हाय?"

मी सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला, मग तापला.

"नाय उडनार म्हंजे? उभा हाय की नीट! माझ्या टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तरी मी खोपोलीपासून आनलाय मुंबईला!"

सुमन मागून आली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "दादा, सासरी माझं नाक कापू नको रे."

मी साहेबांना फोन लावला. आमचे ऑपरेशन्सचे साहेब वाईट माणूस नाहीत. पण बुकिंग रद्द म्हटलं की ते आधी पैशांचा हिशोब मांडतात.

"माप लिमिटमध्ये आहे ना?" साहेब म्हणाले.

"आहे. काठावर आहे."

"लिमिटमध्ये म्हणजे लिमिटमध्ये. मग अडचण काय?"

"कॅप्टनने हार्ड लँडिंग सांगितलंय. क्लॅम्प उघडल्याशिवाय सही होत नाही, साहेब."

"फोन दे तिला."

मी स्पीकरवर ठेवला.

"रेणुका, नक्की हार्ड होतं, की थोडं फर्म होतं?" 'फर्म' म्हणजे आमच्याकडचा सभ्य शब्द, दणका बसला पण तपासणी नको असं म्हणायचं असेल तेव्हाचा.

"हार्ड होतं, सर."

"तुला वाटलं. त्या मशीनवर दणका मोजायचं मीटर तरी आहे का?"

नव्या मॉडेलवर असतं. आमची मशीन जुनी.

"मीटर नाही, सर. म्हणून तर मी सांगायला हवं."

मग साहेब म्हणाले, "तू प्रोबेशनवर आहेस. हे लेखी गेलं तर काय होतं ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

मलाही माहीत होतं. हार्ड लँडिंग कळवलं की पायलटला रोस्टरवरून काढतात. चौकशी होते, परीक्षक शेजारी बसून पुन्हा चेक घेतो. कंपनीला सबब हवी असेल तर प्रोबेशन तिथेच संपवून घरी पाठवता येतं. रेणुकांना कॅप्टन होऊन थोडेच महिने झाले होते. ऑफिसात त्या एकट्याच बाई पायलट. 'बाईला उतरवता आलं नाही' हे वाक्य कँटीनमध्ये केव्हा फिरेल याची काही जण वाटच बघत होते. त्यांच्या जागी मी असतो तर 'फर्म' म्हणून मोकळा झालो असतो. मनातला राग तिथेच उतरला. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटलं, आणि तिची काळजीही वाटली.

अण्णा सगळं ऐकत होते. ते माझ्याशी बोलायचं सोडून कॅप्टनकडे वळले.

"मॅडम, तुमी बोलला नसता तर कुनाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही, काका."

"नोकरी जाईल तुमची?"

"जाऊ शकते."

"मग कशापायी?"

"काका, टेम्पोचा पाटा तुटला तर तुम्ही गाडी कडेला घेता. मला वर कडेला घ्यायला जागा नाही. आणि तुमचा मुलगा माझ्या मागे बसणार होता."

अण्णांनी फेटा काढला, घाम पुसला आणि पुन्हा डोक्यावर ठेवला. मग वऱ्हाडाकडे वळून ओरडले, "ऐकू आला नाय का? जीपा काढा! बँडवाल्यांना फोन करा, म्हनावं वाजवत ऱ्हा, आमी येतो!" जाता जाता कॅप्टनना म्हणाले, "मॅडम, जेवान वर पाठवतो. मशीनपाशी उपाशी बसू नका."

लग्नाला उशीर झाला. मुहूर्त मात्र टळला नाही. भटजींनी पुढची घटका काढली आणि तोवर मंगलाष्टकं अशी लांबवली की ऐकणाऱ्यांच्या अक्षता मुठीत भिजल्या. पोलादपूरजवळ हायवेवर येईपर्यंत नवरदेवाच्या फेट्याचा रंग धुळीने बदलला होता, असं सुमनने नंतर सांगितलं. संध्याकाळी नवरी जीपने कुडपणला आली. अंगावरच्या शालूतच माळावर जाऊन तिने हेलिकॉप्टरबरोबर फोटो काढले. तिच्यामागे सगळ्या गावाने काढले. उडालं असतं तर घटकाभरात दिसेनासं झालं असतं. अडकून पडलं म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला आलं.

दुसऱ्या दिवशी पिकअपमधून जॅक आले, दोन टेक्निशियन आले. मशीन उचलली, क्लॅम्प उघडले. नळीवर लाल द्रव लावून पुसला आणि वर पांढरी पावडर फवारली. तडा असेल तर त्यात मुरलेला लाल रंग बाहेर येतो आणि रेघ उमटते. आम्ही वाट बघत बसलो. पांढरं पांढरंच राहिलं. चारही क्लॅम्पच्या जागी. मी सही केली. दुसरा पायलट येऊन मशीन मुंबईला घेऊन गेला. कॅप्टन रेणुका माझ्याबरोबर पिकअपमधून आल्या. रस्ताभर एवढंच म्हणाल्या, "काही निघालं नाही. बरं झालं."

ऑफिसात तसं कोणी म्हणालं नाही. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काहीच निघालं नाही, विलास. बुकिंग गेलं, पार्टी नाराज. ही मुलगी घाबरट आहे का?"

"साहेब, घाबरट असती तर गप्प बसली असती."

पार्टी नाराज नव्हती, हे साहेबांना दोन दिवसांनी समजलं. अण्णा स्वतः लाडवांचा डबा घेऊन ऑफिसात आले आणि 'ती मॅडम कुठं हाय' म्हणून रिसेप्शनवर बसून राहिले. साहेबांना बाहेर यावं लागलं. अण्णा त्यांना म्हणाले, "साहेब, माझे डायवर खोटं बोलतात, मला माहीत हाय. गाडी ठोकली तर म्हनतात आधीचीच हाय. अशी एक पोर मला द्या, मी धंदा डबल करीन." रेणुकांचा चेक झाला. त्या पास झाल्या. प्रोबेशन लांबलं, पण नोकरी राहिली.

पावसाळा संपला. एका दुपारी आमचे सगळ्यात सीनियर पायलट, ज्यांच्या लँडिंगचं उदाहरण नव्या पायलटना दिलं जातं, नाशिकच्या बाजूने आले. मशीन बंद करून हँगरमध्ये माझ्यासमोर उभे राहिले. जरा अवघडून म्हणाले, "विलास, सकाळी एका जागी चुकलंच माझं. जोरात बसली. उघडून बघशील का?" त्यांच्या हातून इतक्या वर्षांत असं एकदाही लेखी आलं नव्हतं. आमच्या कंपनीत रेणुकांच्या आधी कोणाकडूनच आलं नव्हतं. म्हणजे आमचे सगळे पायलट कापसावर उतरत होते असं नाही.

मशीन उचलली, क्लॅम्प उघडले, पावडर मारली. मागच्या नळीवर डाव्या अंगाला लाल रेघ उमटली. त्यांनी वाकून ती जवळून पाहिली. मग म्हणाले, "मशीन अशीच उडवत आणली ना रे मी. मागे दोन माणसं होती." दुसऱ्या दिवशी साहेबांनी रेणुकांचं प्रोबेशन संपवून त्यांना कायम केलं. कारण कोणी विचारलं नाही.

आमच्या मॅन्युअलमध्ये ही तपासणी कशी करायची ते पानंच्या पानं लिहिलंय. कुठला बोल्ट, किती आवळायचा, कुठे आरसा धरायचा. ती सुरू केव्हा करायची ते मात्र एकाच ओळीत आहे. हार्ड लँडिंग झाल्याचं पायलटने कळवल्यावर.