नख शिरत नाही

ताईला जाऊन आज बावीस दिवस झाले. माझी थोरली बहीण ती. मला लिहायची सवय नाही, बोलते तसंच टाइप करतेय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात टोपल्या विणायचं काम. बांबू फोडायचा, वरच्या हिरव्या सालीच्या पट्ट्या काढून विणायच्या, आतला गाभा चुलीत. बांबूची सगळी ताकद सालीत, हे आम्हाला चालता येण्याआधी कळलेलं. ताईने कोयता नुसता टेकवला तरी बांबू सरळ फाटत जायचा.

प्लॅस्टिकच्या टोपल्या आल्या आणि धंदा बसला. ताई तेव्हा पन्नाशीची. जवळच्या जुन्या गोडाऊनमध्ये एका इंजिनीअरबाईंनी वर्कशॉप काढलं होतं, तिथे लागली. बांबूच्या कामट्या उकळायच्या, वाळवायच्या, रंधा मारायचा, गोंद लावून मोठ्या प्रेसमध्ये दाबायच्या, की इमारतीची तुळई तयार. बाई सांगायच्या, लोखंड-सिमेंटच्या भट्ट्या ढीगभर धूर सोडतात, बांबू उलट हवेतला कार्बन खाऊन वाढतो आणि तुळई आहे तोवर तो आतच राहतो. ताई मला सोपं करून सांगायची, "लोखंड आगीतून येतं, हे उन्हातून."

वर्षभरात ताई रंध्याच्या टेबलाची मुख्य झाली. हाताखाली सहा बायका.

मग एका दवाखान्याच्या छपराचं काम मिळायची वेळ आली. पण आधी तुळई वजनाच्या चाचणीत पास व्हायला हवी. तीनदाच संधी. पहिली तुळई मधून उकलली. दुसरीपण तशीच. तिसरी गेली की वर्कशॉपला कुलूप. बाई म्हणाल्या गोंद बदलू. प्रेसवाला म्हणाला बायका गोंद लावताना हात आखडता घेतात. बायका म्हणाल्या, तुझी प्रेस म्हातारी झालीये, तुझ्यासारखी.

ताई फुटका तुकडा पिशवीत घालून घरी घेऊन आली. ओट्यावर ठेवला आणि गोंदाच्या थरात नख घातलं. बाटलीवरचं लेबल निघावं तसा थर अख्खा सुटून आला. खाली हिरवट चकाकी. ताईने त्यावरून बोट फिरवलं.

"हे माझ्याच हाताने झालंय," म्हणाली.

बाईंनी बजावलं होतं, साल पूर्ण काढा. पण ताईचा जीव धजत नव्हता. ताकदीची वस्तू भुशात कशी टाकायची? म्हणून ती रंधा हलका फिरवायला लावायची, पातळ पापुद्रा ठेवायची. आणि सालीवर असतं मेण. तिच्यावर पाणी थांबत नाही, गोंद काय धरणार?

मी म्हटलं, उद्यापासून गुपचूप नीट रंधा मार, सांगतेस कशाला, नोकरी जाईल. ती म्हणाली, "आणि बाई उगाच गोंद बदलत बसतील? मग तिसरी गेली तर?"

सकाळी तिने तुकडा हातात धरून सगळ्यांसमोर सांगितलं. प्रेसवाला म्हणाला, चला, म्हातारी निर्दोष सुटली. बाई मात्र कितीतरी वेळ तुकडा उलटसुलट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघायला मीही हवं होतं. तिसरीच्या कामट्या तुम्हीच पास करायच्या."

दहा दिवस ताईने एकेका कामटीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब गोळा होऊन राहिला तर कामटी परत रंध्याखाली, मुरला तरच पुढे. बायका कावल्या. म्हणाल्या, ताई, जावई शोधतानापण कुणी एवढं बघत नाही. ताई म्हणाली, जावयाच्या डोक्यावर छप्पर नाही ठेवायचं मला.

चाचणीच्या दिवशी सगळे वजनाकडे बघत होते, ताई गोंदाच्या रेघांकडे. तुळई वाकली, करकरली. ठरलेलं वजन झालं, वर आणखी ठेवलं. एक रेघ उघडली नाही.

शेवटी ताईला त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. खाट बरोबर तुळईखाली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तिला. एका दुपारी मला म्हणाली, "वर चढून बघ गं, कुठे उकललीये का."

नर्सबाई ओरडल्या, तरी मी स्टुलावर चढले. या टोकापासून जिथवर हात पोचला तिथवर सांध्यांवरून नख फिरवलं.

म्हटलं, "नाही ताई. नख शिरत नाही."

"मग उतर खाली," म्हणाली, "पडशील."