भाऊजींचा ओढा

शुक्रवार, १८ ऑगस्ट २००६. कडक ऊन. गिरिजाने भाऊजींचं बीपी पाहिलं, ठीक आहे. मागच्या दारचा कढीपत्ता छाटला. उद्या ओढा बघायला जायचं. मीही येते म्हणाले.

एवढं वहीत लिहून शरयू उठली आणि कपाटातून तिने आपली जुनी सोन्याची बुगडी काढली. तिची तार केव्हाच तुटली होती. नखं कापायच्या कटरने तिने त्या तारेचे चार बारीक कण केले आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लहानपणी खोटेपणाचा जो धाक घातला होता, तो तिला सत्तरी उलटल्यावरही होता. तरी तिने गाठ पक्की केली.

शशिकांत तिचा धाकटा दीर. पती जगन्नाथ गेल्यावर शशिकांत आणि त्याची बायको लता यांनी तिला सॅक्रामेंटोला आपल्या घरी आणलं होतं. मालवणला या भावांच्या वडिलांचं, अप्पांचं, सोनाराचं दुकान. शशिकांत अमेरिकेत आला तो डेंटल लॅबमध्ये लागला आणि निवृत्त होईपर्यंत लोकांच्या दाढांवरच्या सोन्याच्या टोप्या ओतत राहिला. मग लता गेली, आणि त्याचं बोलणंच आटलं. ताट समोर आलं की दोन घास खाऊन उठायचा. त्या वसंतात त्याने पेपरात एक जाहिरात वाचली. डोंगरातल्या ओढ्याकाठचा लहानसा क्लेम विकणे आहे. जमीन सरकारची, वाळूतलं सोनं काढायचा हक्क तेवढा आपला. त्या दुपारी त्याने आमटी मागून घेतली. शरयूला आणखी काही कळायची गरज नव्हती.

त्याची मुलगी गिरिजा मात्र हटून बसली. "बायपास झालेला माणूस त्या पाण्यात? नो वे, बाबा." बऱ्याच वादानंतर तडजोड झाली. ओढ्यावर तीन घमेली वाळू धुवायची. एक कण दिसला तर घ्यायचा क्लेम. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही.

शनिवारी ते पोचले तेव्हा ओढा पाइनच्या झाडांतून खळखळत होता. क्लेम विकणारा रॉय, गुडघ्यांनी दगा दिलेला म्हातारा, दगडावर बसून दाखवत होता. पसरट घमेल्यात वाळू घ्यायची, पाण्याखाली धरून हलवायची. हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं.

पहिल्या घमेल्यात काळी वाळू उरली. दुसऱ्यातही.

"वहिनी, अप्पा म्हणाले असते, गाळ चिवडायला पोरगा सातासमुद्रापार गेला," शशिकांत धापा टाकत म्हणाला.

"आणि पँट कुणी धुवायची, तेही विचारलं असतं. द्या इकडे ते घमेलं. दम खा जरा."

तिसरं घमेलं तिने हातात घेतलं. पाठ फिरवून तिने घाईघाईने गाठ सोडली. दोन कण घमेल्यात पडले, दोन पाण्यात गेले. तिने घमेलं परत दिलं.

शशिकांतने हळूहळू वाळू धुऊन काढली. तळाशी पिवळं चमकलं.

"ओ माय गॉड, बाबा!" गिरिजा ओरडली आणि कॅमेरा आणायला गाडीकडे पळाली.

शशिकांतने ओल्या बोटावर कण उचलून उन्हात धरला. ओढ्यातलं सोनं पाण्याने घासून गुळगुळीत झालेलं असतं. याची टोकं चिमटून कापलेली होती. रंगही ओळखीचा. त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी झाडांकडे पाहत होती.

"वहिनी, ही तार अप्पांनी ओढलेली आहे."

"काहीतरीच तुमचं."

"बुगडीची ना?"

तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तुम्ही परत गप्प व्हाल."

गिरिजा आली तेव्हा त्याने सरळ सांगून टाकलं. "हे इथलं नाही गं. काकूच्या बुगडीचं आहे."

"काकू! यू चीटेड?"

"हो," शरयू म्हणाली.

"मग संपलं. डील इज ऑफ."

"संपलं कसं? काकूची सांडती मूठ मला ठाऊक आहे, सगळं काही घमेल्यात पडलं नसणार. किती गेले पाण्यात, वहिनी?"

"दोन."

"ऐकलंस? दुकानात कण सांडला की अप्पा गिऱ्हाईक बसवून ठेवायचे. केर गोळा करून, धुऊन, कण मिळेपर्यंत जागा सोडायचे नाहीत. घरचं सोनं इथे टाकून मी कसा जाऊ?"

"बाबा, वाहत्या पाण्यात? किती वर्षं शोधणार?"

"मिळेपर्यंत."

गिरिजा हसायला गेली आणि तिला रडूच आलं. आई गेल्यापासून बाबा एकदम इतकं बोलला नव्हता. तिने नाक पुसलं. "गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. आणि एकट्याने यायचं नाही."

"एकटा कशाला? जिने सांडलंय ती येईल की डबा घेऊन."

रॉयला यातलं अक्षर कळलं नव्हतं. शशिकांतने त्याला इंग्रजीत सांगितलं, आज तुझ्या ओढ्यात सोनं मिळालं नाही. "मग घेतोस कशाला?" रॉयने विचारलं. "घरातलं काहीतरी पडलंय इथे," शशिकांत म्हणाला, आणि ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली.

संध्याकाळी घरी आल्यावर शरयूने लिहिलं: तिघांचे मोजे धुऊन वाळत घातले. कपड्यांचा साबण संपला.