माझा डबा स्क्रीनवर आलाच नाही

"सर, माझा डबा नाही आला."

मी असं म्हटलं आणि अख्खा क्लास खिदळला. सोलापुरात सात रस्त्याजवळचा कॉम्प्युटर क्लास. सर डेटाबेस शिकवत होते. एकाचा डबा अनेक जण खातात, एक जण अनेकांचे डबे खातो, हे झालं मेनी-टू-मेनी. मुलांचं एक टेबल, डब्यांचं एक, आणि दोन्हींना जोडणारं मधलं तिसरं. त्यात दोन रकाने. डबा कुणाचा, खाल्ला कुणी. पोरींनी ओरडून सांगितलं, सरांनी भरलं. मग तिन्ही टेबलं जोडून क्वेरी, म्हणजे टेबलांना विचारायचा प्रश्न, चालवली. सगळ्यांचे डबे स्क्रीनवर आले. माझा नाही.

सर मान न वळवता म्हणाले, "मधल्या टेबलात ज्याची जोडी नाही तो जॉइनमध्ये गळतो. सिंपल आहे."

सिंपल म्हणे!

शेजारी बसणाऱ्या पल्लवीनं पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. वैराग म्हटल्यावर, वैरागात कुठं? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी मी डबा मधे सरकवायची. भाकरी आणि आईची शेंगाचटणी. एकीचा सोमवार असायचा, एकीचं पोट भरलेलं. पल्लवी म्हणायची, "मला तिखट सोसत न्हाय गं." आणि हीच बया दुकानातल्या शेंगाचटणीची पुडी माझ्यासमोर बोटानं चाटून संपवायची! स्वतःच्या डब्यातलं मात्र मला आग्रहानं वाढायची. "घे की, लाजतीस काय?" मी घ्यायची. वाटायचं, आपणच उगं संशय घेतोय.

आई रोज सकाळी म्हणायची, "पोरींना बी दे की, लई घातलीया." तिला काय सांगणार? उरलेली चटणी मी घरी जाताना बसमध्ये बसून संपवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, ते तिखटाचं नव्हतं.

आता सगळं स्क्रीनवर उघडं पडलं होतं. 'खाल्ला कुणी' मध्ये माझं नाव जागोजागी. 'डबा कुणाचा' मध्ये एकदाही नाही. म्हणजे मी वेडी नव्हते. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

सर सावरून घ्यायला गेले. "थांब, तुझी पण एक नोंद टाकून देतो. कुणी खाल्लाय हिचा?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग पल्लवी बोलली, "माझं नाव टाका सर. मी खाल्लाय की एकदा."

"कवा?" मी विचारलं. "कशी लागली चटणी?"

ती ओढणीनं कीबोर्ड पुसायला लागली. "सोड की. उदाहरण तर हाय."

"न्हाय सोडत." मी उभी राहिले. "सर, खोटी नोंद टाकू नका. जोडी नसली तरी डबा दिसंल, अशी क्वेरी असती का?"

"असते. लेफ्ट जॉइन. पण तो पुढच्या आठवड्यात."

"आज शिकवा."

सरांनी कीबोर्ड पुढं ओढला. मग त्यांनी टाइप केलं. सगळे डबे पुन्हा आले आणि शेवटी माझाही आला. त्याच्यापुढं 'नल'. म्हणजे कुणीच नाही. या वेळी कुणी हसलं नाही.

"आता ऱ्हाऊ द्या तसंच," मी म्हटलं. "मी खाल्ल्याच्या नोंदी बी ऱ्हाऊ द्या, त्या खऱ्या हायत. पण त्यात आता नवी पडणार न्हाय."

आज मी नोकरी करते. दुपारी ऑफिसात कुणी डबा पुढं केला, "घ्या की मॅडम," की मी आधी माझा सरकवते. आणि बघते. चमचा चटणीत बुडतो का नुसता कडेला टेकतो, तेही बघते. काही जण मिटक्या मारत खातात. काहींना नेमका तेव्हाच उपास आठवतो. मी भांडत नाही, झाकण लावते.

जो हात माझ्या डब्यात येत नाही, त्याच्या डब्यातला घास माझ्या तोंडात जाणार नाही.