पिक्चर बंदैती

थिएटरच्या कँटीनमध्ये उभं राहिलं की पडद्याकडे न बघताही पिक्चर कसा चाललाय ते कळतं. विनोदी पिक्चर असेल तर मध्यंतरात माणूस हसत बाहेर येतो, वडा घेतो, सोबतच्याला तोच विनोद परत सांगतो आणि आणखी एक वडा घेतो. रडका असेल तर बायका नुसता चहा घेतात. खुनाचा असेल तर सगळे एकदम येतात, एकदम मागतात आणि अर्धा चहा टाकून आत पळतात, कारण पहिला सीन चुकला तर पुढचं काही उमगत नाही. आणखी एक गोष्ट. खुनाच्या पिक्चरला दुसऱ्यांदा कोणी येत नाही. खुनी कोण ते कळलं की संपलं. म्हणून असा पिक्चर पहिल्या चार दिवसांत जो काही कमावेल तेवढाच.

लग्न होऊन निपाणीला आले तेव्हापासून सासरचं हे कँटीन मी बघते. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाचा पिक्चर आमच्याच थिएटरला लागला तेव्हा मी बटाटे नेहमीपेक्षा जास्त उकडून ठेवले.

भाऊ बेळगावात एका अनुदानित मराठी हायस्कूलमध्ये शिक्षक. माहेर सांबऱ्याकडचं, शेतीचं. आमच्या घरात कायमची नोकरी लागलेला तो पहिला. त्याला लिहायची हौस होती, तोवर ठीक होतं. मग कोगनोळीजवळ हायवेवर हॉटेल असलेल्या एका गृहस्थाने त्याची गोष्ट ऐकली आणि म्हणाला, काढू पिक्चर. भावाने वर्षभर बिनपगारी रजा घेतली. जांबोटीच्या जंगलात शूटिंग झालं. गोष्ट अशी, की गावाला दिवसात एकच एसटी येते, ती संध्याकाळी परत जाते आणि दर वेळी तिच्यातला एक माणूस कमी होतो. मी पहिल्या शोला बघितला. पहिला अर्धा तास नुसतं जंगल आणि धुकं. पुढे बरा आहे.

रजा संपत आली होती. संस्थेने स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, जागेसाठी माणसं थांबलीत. हॉटेलवाले म्हणत होते, राजीनामा द्या, लगेच दुसरा काढू. शुक्रवारी रात्री भावजयीचा फोन आला.

"आक्का, यांनी राजीनामा टाइप करून ठेवलाय. पिक्चर चालला तर सोमवारी देणार म्हणतात. मला तर हे आणि हॉटेलवाले दोघं मिळून सगळं चांगलंच सांगतात. तुम्ही थेटरात आहात. खरं काय ते तुम्हीच बघा."

तिची मुलगी बारावीला. मी म्हटलं, बघते.

शनिवारी संध्याकाळी बाहेर 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड लागला. आमच्या थिएटरला हा बोर्ड इतका क्वचित लागतो, की त्याच्यावरची धूळ पुसायला माणूस शोधावा लागला. हॉटेलवाले गाडी घेऊन आले, भावाला बोर्डाशेजारी उभं करून फोटो काढले. लगेच ते स्टेटसला. मी वडे तळायला घेतले. मध्यंतराची घंटा झाली, दारं उघडली, आणि जेमतेम एका एसटीत मावतील एवढी माणसं बाहेर आली. चहा अर्धा टाकून आत पळाली, ते बरोबर. पण बाकीची कुठं होती?

मी टॉर्च घेऊन आत गेले. मधल्या रांगांत माणसं, दोन्ही कडा रिकाम्या. बाल्कनीत एक जोडपं, आणि ते पिक्चर बघत नव्हतं.

मॅनेजरला गाठलं. ते चिक्कोडीकडचे, घरात कन्नड, माझ्याशी मराठी, घाईत असले की परत कन्नड.

"साहेब, हाऊसफुल्ल म्हणताय आणि आत खुर्च्या मोकळ्या कशा?"

"तिकीट सगळं गेलंय, आक्का. मोबाईलवरनं बुकिंग झालंय. तिकीट गेलं, माणूस आलं न्हाय, त्यात माझं काय?"

"घेतलं कुणी एवढं?"

"ते मशीन सांगत न्हाय." ते हसले आणि कंप्युटरकडे वळले. मला ते हसणं आवडलं नाही.

भाऊ बाहेर लोकांशी हात मिळवत होता. त्याला बाजूला घेतलं.

"आत अर्धं रिकामं हाय रं."

"तुला सगळीकडं काळंबेरंच दिसतंय, आक्का. रिझर्व्हेशनवाले उशिरा येतात."

"मध्यंतरानंतर येतात? खुनाच्या पिक्चरला?"

"आणि वडे खपले न्हाईत म्हणून पिक्चर पडला व्हय? माणसं खुर्चीला खिळलीत. उठायला मन होत न्हाय त्यांना."

"बाथरूमलाबी उठायला मन होत न्हाय? बायकांचं बाथरूम कोरडं ठणठणीत हाय."

तो चिडला. "तू वडेच मोज," म्हणाला आणि परत बोर्डाकडे गेला.

मला संशय हॉटेलवाल्यांचा होता. रविवारी ते कँटीनमध्ये आले, साखर कमी घालून चहा मागितला. मी चहा दिला आणि सरळ विचारलं, "तिकिटं तुम्हीच काढताय का?"

गृहस्थ अजिबात दचकले नाहीत. "आक्का, पोस्टर लावतो ती जाहिरात, मग बोर्ड लावला तर तीही जाहिरातच की. खरा धंदा आता थेटरात कुठं राहिलाय? मोबाईलच्या ॲपवाल्यांना पिक्चर द्यायचा असला, तर पहिल्या आठवड्यात हाऊसफुल्लचे फोटो लागतात. ते बघतात, आपण दाखवतो."

"भावाला माहीत आहे?"

"कलाकार माणूस. त्याला कशाला ताप? एकदा राजीनामा देऊन मोकळा झाला, की डोकं शांत होईल."

हे वाक्य मला तिकिटांपेक्षा जास्त लागलं. राजीनाम्याची घाई भावापेक्षा यांनाच का? नोकरी सुटलेला माणूस दुसरीकडे जात नाही, मिळेल त्यात लिहितो. एवढं समजायला मला वडे मोजावे लागत नाहीत. रात्री भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेतल्यासारखं करून म्हणाला, "ते तुझी मस्करी करत असतील. झोप आता." भावजयीने मागून फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "राजीनाम्याचा कागद यांनी शबनममध्ये ठेवलाय, आक्का."

सोमवार. सकाळी मी मिक्सरवर चटणी काढत होते. खोबरं कडक होतं, मिक्सर ओरडत होता. मॅनेजरांचा फोन आला. ते धापा टाकत बोलत होते, कन्नडमध्ये. मला फक्त शेवट ऐकू आला.

"...पिक्चर बंदैती नोड्री, आक्कार!"

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. 'नोड्री' म्हणजे 'बघा', ते सोपं. इकडच्या कन्नडमध्ये दुकान बंद आहे हे सांगायला म्हणतात, "अंगडी बंद ऐती." आणि एसटी आलीय, पार्सल आलंय, असं काही आलंय म्हणायचं तर 'बंदैती'. बोलण्यात दोन्ही एकमेकांत मिसळतात, मध्ये श्वास किती घेतला त्यावर अर्थ ठरतो. मिक्सर चालू असताना श्वास कसला ऐकू येणार. मी ऐकलं, पिक्चर बंद आहे. काढला. शनिवारपासून मी ज्याची वाट बघत होते तेच झालं, असं मला वाटलं.

मिक्सर बंद केला आणि भावाला फोन लावला. तो हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता.

"पिक्चर उतरवला," मी म्हटलं. "आत्ता मॅनेजरांचा फोन आला. कागद देऊ नकोस. हजेरीवर सही कर आणि वर्गावर जा."

त्याने फोन ठेवला. सही केली, असा भावजयीचा मेसेज आला तेव्हा मी वडे तळायला घेतले. नेहमीपुरतेच.

दुपारी शाळा सुटल्यावर तो थेट मोटारसायकलवर निपाणीला आला. बाहेर बोर्ड होता, पोस्टर होतं, संध्याकाळचा शो होता. कँटीनच्या कट्ट्यावर हेल्मेट आपटलं.

"काय गं, उतरवला म्हणालीस न्हवं? मग हे काय लागलंय?"

मी मॅनेजरांना बोलावलं. ते म्हणाले, "मी बंदैती म्हणालो, आक्का! बंद ऐती कुठं म्हणालो? मोबाईलन्याग पिक्चर बंदैती. मोबाईलमध्ये आलाय, आख्खा! सकाळी माझ्या मेव्हण्यानं पाठवला."

त्यांनी फोन पुढे केला. चोरून काढलेला पिक्चर होता. कुणीतरी थिएटरात मोबाईल छातीशी धरून काढलेला, थोडा तिरका, कोपऱ्यात कुणाचं तरी डोकं. गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता.

भावाने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कँटीनमध्ये उधारीवाल्यांकडे टाकते तशी होती.

"बेळगावात वाढलीस. निपाणीत आयुष्य गेलं. बंदैती कळत न्हाय तुला?"

"मिक्सर चालू होता."

"मिक्सर."

"खोबरं कडक होतं."

"खोबरं!" तो मॅनेजरांकडे वळला. "ऐकलं साहेब? खोबऱ्यानं माझा राजीनामा अडवला."

मॅनेजर हसायचं की नाही या विचारात कंप्युटरकडे गेले.

तो बसला, आणि राग असूनही बोट लावून पिक्चर पुढे सरकवू लागला. विहिरीचा सीन आला. फोनमधून पिक्चरपेक्षा थिएटरच जास्त ऐकू येत होतं. लोक एकदम गप्प झाले. मग एक बाई ओरडली, "अगं मागं हाय, मागं हाय त्यो!" सगळं थिएटर हसलं आणि पुढच्याच क्षणाला किंचाळलं. भावाने तेवढाच तुकडा परत लावला. मग परत.

"हे निपाणीतलं न्हाय," मी म्हटलं. "इथं एवढी माणसं न्हवती. कोगनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्रातबी लागलाय न्हवं, तिथलं कुठलं तरी असंल."

"म्हंजे माणसं आलती," तो म्हणाला.

आलती. हे मला कबूल करावं लागलं. हाऊसफुल्लच्या फोटोत जे नव्हतं ते चोरीच्या कॉपीत होतं. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, की आता फुकटात मिळाल्यावर कुणी तिकीट कशाला काढेल? आणि कॉपी कुणी काढली? पिक्चरची चर्चा होऊन ॲपवाल्यांशी भाव लवकर ठरावा म्हणून हॉटेलवाल्यांनीच सोडली असेल का? मॅनेजरांच्या मेव्हण्याला ती एवढ्या सकाळी कशी मिळाली? यातलं काही सिद्ध झालं नाही. मॅनेजरांच्या मेव्हण्याशी मी अजून कामापुरतंच बोलते.

मंगळवारी ग्रुपवर एक ओळ फिरली. 'कंडक्टरनं मारलंय.' बस, संपलं. संध्याकाळी तिकिटाच्या रांगेत दोघं-तिघं उभे होते, तेवढ्यात चहा पीत असलेला एक टेम्पोवाला त्यांना म्हणाला, "कशाला थांबलायसा? कंडक्टर हाय खुनी. जावा घरला, पैसं वाचवा." रांग हसली आणि मोडली. मी त्या टेम्पोवाल्याला चहाबरोबर वडाही घ्यायला लावला. हॉटेलवाल्यांनी तिकिटं काढणं त्याच दिवशी थांबवलं, म्हणजे बोर्डही खाली आला. गुरुवारी पिक्चर खरोखरच बंद. या वेळी मॅनेजरांनी मराठीत सांगितलं, सावकाश, दोनदा.

पुढे ॲपवाल्यांनी पिक्चर घेतला. ठरलं होतं त्यापेक्षा बऱ्याच कमी भावात, असं हॉटेलवाले म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. किती जणांनी बघितला हे ॲपवाले सांगत नाहीत. नुसतं 'चांगला प्रतिसाद आहे' असं येतं. भाऊ आता त्यावर संशय घेतो. शाळेतल्या मुलांना विचारतो, कुणी बघितला का? मुलं म्हणतात, व्हय सर, लई भारी, पण आम्हाला खुनी आधीच माहीत होता. आणि एसटीत कंडक्टर दिसला की तिकीट न घेता उतरावंसं वाटतं.

भाऊ माझ्याशी बोलतो. फक्त फोनवर सुरुवात कन्नडमध्ये करतो. "आक्का, ऊट आतेन?" विचारतो आणि लगेच समजावतो, "म्हंजे जेवलीस का, असं. पिक्चर उतरला असं न्हाय." मी म्हणते, जेवले. मी मुद्दाम चुकीचं ऐकलं नव्हतं, हे त्याला अजून खरं वाटत नाही. मीही पटवत बसत नाही. पगार एक तारखेला येतो, मुलगी बारावी होऊन कॉलेजला गेली.

तो नवं काहीतरी लिहितोय. सुट्टीत जांबोटीला जाऊन राहिला. हॉटेलवाल्यांचा फोन त्याला येतो का, हे मी त्याला विचारत नाही, भावजयीला विचारते. परवा तिला राजीनाम्याचंही विचारलं. फाडला का?

"कागद फाडला, आक्का," ती म्हणाली. "पण लॅपटॉपमध्ये आहे अजून. अधूनमधून उघडतात, तारीख बदलतात आणि परत बंद करतात."

"बंद करतो, हे नक्की बघितलंस?"

"मागं उभी राहून बघते मी."

"तशीच उभी राहत जा," मी म्हटलं.